रेणापूरचा उन्हाळा आणि घरातील संगणक

लातूर जिल्ह्यातील रेणापूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो. अनेक लॅपटॉपसाठी मात्र भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा 35 अंशच दिलेली असते. संगणकाचा पंखा प्रोसेसरची उष्णता केवळ खोलीतील हवेत सोडतो, त्यामुळे पत्र्याखालची खोली 10 अंशांनी तापली, की त्याच कामासाठी प्रोसेसरही जवळपास तेवढाच अधिक तापतो आणि 100 अंशांच्या आसपास पोहोचताच स्वतःचा वेग घटवतो, ज्याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्या, धुळीने बुजल्यास हे लवकर घडते. म्हणून संगणक बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्रशने धूळ काढावी, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि कूलरचा ओलसर झोत त्यावर थेट येऊ देऊ नये.