स्वभाव पाहून काम सोपविताना

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझ्या एका स्नेह्यांची पाइप, नळ व हार्डवेअरची घाऊक पेढी आहे. निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा तेथे जाऊन बसावे, चहा घ्यावा, जुन्या-नव्या गोष्टी बोलाव्यात, असा माझा परिपाठ पडला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गेलो, तेव्हा गादीमागील भिंतीवर एक रंगीत तक्ता लावलेला दिसला. थोरले चिरंजीव, धाकटे चिरंजीव, पुतण्या, मुनीमजी आणि दोन सेल्समन यांची नावे, प्रत्येकापुढे चार इंग्रजी अक्षरे आणि त्याखाली सोपविलेली कामे. पुण्याहून एक सल्लागार आले होते; त्यांनी सर्वांकडून प्रश्नावली भरून घेतली व स्वभाव पाहून कामांची वाटणी करून दिली.

शेठजींनी विचारले, "तुमच्या बँकेत हे करीत होते का?"

करीत होते. प्रशिक्षण महाविद्यालयात दोन वेळा मी स्वतः अशी प्रश्नावली भरली आहे. पहिल्या वेळी अंतर्मुख ठरलो, दुसऱ्या वेळी बहिर्मुख. मधल्या काळात माझ्यात बदल झाला तो इतकाच की मी शाखाधिकारी झालो होतो.

या चार अक्षरांचा उगम सांगण्यासारखा आहे. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. अंतर्मुख व बहिर्मुख ही विभागणी त्यातूनच जगभर रूढ झाली. त्याच्या आधाराने कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. दुसरे महायुद्ध चालू होते, पुरुष आघाडीवर गेले होते आणि स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत येत होत्या. कोणते काम आपल्याला मानवेल हे त्यांना कळावे, हा इसाबेलबाईंचा हेतू. म्हणजे कामाची वाटणी हेच या प्रश्नावलीचे मूळ प्रयोजन.

हेतू चांगला असला तरी माणसे अशी दोन खणांत पडत नाहीत. बहुतेक जण मधोमध कोठेतरी असतात. रेषेच्या किंचित अलीकडे असलेल्यास एक अक्षर मिळते, किंचित पलीकडे असलेल्यास दुसरे. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तर अनेकांचे एखादे अक्षर बदलते. ती प्रकाशित करणारी कंपनीच सांगते की नोकरीसाठी माणूस निवडताना तिचा उपयोग करू नये. आजचे मानसशास्त्रज्ञ प्रकार न ठरविता पाच गुणांचे कमी-अधिक प्रमाण मोजतात. त्यांपैकी कर्तव्यदक्षता हा गुण निरनिराळ्या व्यवसायांतील कामगिरीशी सातत्याने जोडलेला आढळतो, असे १९९१ च्या एका प्रसिद्ध संशोधनात दिसून आले. मनुष्य बोलका की अबोल, यापेक्षा हाती घेतलेले काम तो तारखेला पुरे करतो की नाही, हे पाहणे व्यापाऱ्यास अधिक उपयोगी. त्यासाठी प्रश्नावली लागत नाही. वर्षभराचा रोजमेळ चाळला तरी पुरे.

शेठजींच्या तक्त्यात थोरले बहिर्मुख ठरले, म्हणून तालुक्यांचा दौरा आणि उधारीची वसुली त्यांच्याकडे आली. धाकटे अंतर्मुख, म्हणून हिशेब, जीएसटी व बँक त्यांच्याकडे. वरवर पाहता वाटणी योग्यच होती. थोरले विट्यास गेले की चार दुकानदार त्यांना चहासाठी थांबवून घेतात, आणि परतताना त्यांच्या खिशात नवी ऑर्डर असते. परंतु सहा महिन्यांनी बँकेत द्यावयाचे स्टॉक स्टेटमेंट शेठजींनी माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. विक्री वाढली होती. नव्वद दिवसांवरील येणी त्याहून अधिक वाढली होती. अशी जुनी येणी बँका सहसा आहरण मर्यादेत धरीत नाहीत. म्हणजे माल गेलेला, पैसा न आलेला, आणि कॅश क्रेडिटमधून उचल करण्याची सोयही आखडलेली. थोरल्यांच्या खणात पुढील तारखांचे धनादेश पडून होते. त्यांतील एकाच्या तारखेस तीन महिने उलटून गेले होते. त्याची मुदत संपून तो नुसता कागद उरला होता.

"काका, ते म्हणाले आठवडाभर थांबा," थोरले म्हणाले. "रोजचे संबंध आहेत. नाही कसे म्हणायचे?"

त्यांचा दोष मी मानीत नाही. सर्वांनी आपल्याला चांगले म्हणावे, असे त्यांना मनापासून वाटते. विक्रीसाठी हाच गुण, वसुलीसाठी हाच अडसर. विक्री आणि वसुली ही दोन्ही 'लोकांशी बोलण्याची कामे' म्हणून सल्लागारांनी एका खणात टाकली, तेथे चूक झाली. त्यांनी माणसांची फोड सोळा प्रकारांत केली, पण कामाची फोड केलीच नाही. वसुलीत बोलणे थोडे असते. तारीख लक्षात ठेवणे, आकडा अचूक सांगणे आणि त्यानंतर शांत राहणे, एवढे ते काम आहे.

मी सुचविले की वसुली तीन महिने धाकट्यांकडे द्यावी. शेठजींना ते पटेना. "तो घरात पाहुणे आले तरी आतल्या खोलीत जातो," ते म्हणाले. तरीही दिली. धाकटे आता ठरल्या दिवशी सकाळी ११ वाजता फोन करतात. "नमस्कार. आज २६ तारीख. आपल्याकडून ४८,००० येणे आहे. माणूस कधी पाठवू?" एवढे बोलून गप्प होतात. ते गप्प बसणे समोरच्यास जड जाते आणि तोच वार सांगून मोकळा होतो. सर्व उधारी वसूल झाली असे नाही. जतच्या दोन खात्यांचा प्रश्न अद्याप तसाच आहे. पण नव्वद दिवसांचा रकाना आटोक्यात आला.

मग धाकट्यांच्या हिशेबाचे काय, असा प्रश्न निघाला आणि एक गोष्ट उघडकीस आली. ११ तारखेचे जीएसटीआर-१ व २० तारखेचे ३ब ही विवरणपत्रे रात्री घरी बसून थोरल्या सूनबाईच भरीत होत्या. त्या बी.कॉम. आहेत. तक्त्यात त्यांचे नाव नव्हते. प्रश्नावली त्यांना कोणी दिलीच नव्हती. आपल्या किती घरांत असे असेल, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या घरी करावा.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत आहे, पण माझ्याही पदरी एक चूक आहे. एका शाखेत माझ्या हाताखाली एक अबोल अधिकारी बाई होत्या. चार वर्षे मी त्यांना समाशोधन विभागातच ठेवले आणि गोपनीय अहवालात 'लोकसंपर्काची आवड नाही' असा शेरा लिहिला. एकदा कर्ज विभागाचे अधिकारी रजेवर गेले म्हणून नाइलाजाने त्यांना तेथे बसविले. दुसऱ्या आठवड्यात शेतकरी त्यांच्याच टेबलासमोर रांग धरून बसलेले दिसले. बाई प्रत्येकाचे संपूर्ण ऐकून घेत आणि सही घेण्यापूर्वी कागद दोन वेळा वाचून दाखवीत. आवड आहे की नाही, हे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते. माझ्या शेऱ्यामुळे त्यांची बढती लांबली असावी, असे मला आजही वाटते. जांभळाच्या झाडाखालच्या सहा वाटसरूंचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातील सहा लेश्यांपैकी कोणतीही मनुष्याच्या कपाळी कायमची कोरलेली नसते, भावांनुसार ती पालटते, हेही आपल्याला शिकविलेले असते. माझा शेरा मात्र शाईत होता.

तक्त्यात आणखी एक नाव नव्हते, ते शेठजींचे. काम सोपवूनही ते प्रत्येक बिल पुन्हा तपासत आणि थोरल्यांनी दिलेली सूट गिऱ्हाइकासमोर रद्द करीत. बँकेत अधिकार सोपविताना रकमेची मर्यादा लेखी ठरलेली असते. तिच्या आत घेतलेला निर्णय वरिष्ठ चारचौघांत फिरवीत नाही. शेठजींना मी एवढेच करावयास सांगितले. त्यांनी एका बिलावर २,००० रुपयांची मर्यादा लिहून दिली, आणि ती लिहिताना त्यांचा हात किती वेळ थांबला ते मी पाहिले आहे.

शेवटचा वाद मुनीमजींवरून झाला. तक्त्यानुसार ते 'निष्ठावान व नियमप्रिय'. म्हणून गल्ला, बँकेचा भरणा आणि वह्यांची नोंद, सर्व त्यांच्याच हाती. येथे मात्र मी स्वभावाचा विचार मुळीच मान्य केला नाही. १७६२ साली स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन नावाचा तरुण सौदेही करीत होता आणि त्या सौद्यांची नोंद ठेवणारा विभागही त्याच्याच हाती होता. वरिष्ठांच्या लेखी तो हुशार व धडाडीचा. तोटा सुमारे ८३ कोटी पौंडांवर गेला आणि बँक एका पौंडास विकली गेली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान १० कामकाजाचे दिवस, तेही पूर्वसूचना न देता, रजेवर पाठविण्याचा नियम केला आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्यात कोणाचाही अपमान नसतो.

शेठजी रागावले. "तीस वर्षे झाली त्यांना. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मी म्हणालो, "रजा द्या. पगारी द्या. जोडीने यात्रेला पाठवा."

गेल्या मार्गशीर्षात मुनीमजी सपत्नीक श्रवणबेळगोळ व मूडबिद्रीस जाऊन आले. तीस वर्षांतील ही त्यांची पहिली सलग दहा दिवसांची रजा. गल्ल्यात एका पैशाचा फरक निघाला नाही. परंतु तिसऱ्याच दिवशी तासगावचा एक दुकानदार आला आणि ठरलेल्या दराने माल मागू लागला. कोणता दर ठरला आहे, हे पेढीत कोणासच ठाऊक नव्हते. अखेर फोन केल्यावर मुनीमजींनी सांगितले, की गादीखाली लाल बासनात एक वही आहे. कोणत्या गावच्या कोणत्या दुकानदारास किती सूट द्यावयाची, कोणाचा शब्द किती दिवसांचा धरावयाचा, हे सर्व त्यांनी आपल्या हस्ताक्षरात, बरेचसे खुणांनी, त्यात टिपून ठेवले होते.

ती वही सूनबाई आता दुपारी पेढीवर बसून संगणकात उतरवीत आहेत. मुनीमजी शेजारी बसून खुणांचा अर्थ सांगतात. तासगाव व विटा पूर्ण झाले आहे. परवा गेलो तेव्हा कवठेमहांकाळ चालू होते.