कॅमेऱ्याचे रूप आणि संगणकाची निवड

कॅमेरा संगणकास जोडताच एखादी आज्ञावली आपोआप उघडते, आणि पुष्कळदा ती नको असलेलीच असते. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. पोथ्यांची वा शिलालेखांची छायाचित्रे घेऊन परतणाऱ्या संशोधकास, चित्रे उतरवून घेताच कॅमेऱ्यातील मूळ प्रती पुसून टाकणारी आज्ञावली हे पुराव्यावरील संकटच होय. उतरवलेली प्रत सदोष निघाल्यास ताडून पाहण्यास काहीच उरत नाही.

वस्तुतः संगणकास ‘कॅमेरा’ असा दिसत नाही. जोडणीच्या क्षणी यूएसबी उपकरण उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि आपला वर्ग कळवते.  त्यातही अनेक कॅमेऱ्यांना दोन रूपे धारण करता येतात. एका रूपात ते साध्या साठवणसाधनासारखे (वर्ग ०८) वागतात. दुसऱ्यात पीटीपी या चित्रवहनाच्या संकेतानुसार (वर्ग ०६, प्रमाण आयएसओ १५७४०). कॅमेऱ्यातील यादीतून रूप पालटले की संगणकाच्या लेखी वस्तूच पालटते. एका रूपासाठी ठरवलेली आज्ञावली मग दुसऱ्यास लागू पडत नाही, आणि विसराळूपणाचा आळ यंत्रावर विनाकारण येतो. तेव्हा प्रथम रूप निश्चित करावे, निवड मागाहून.

विंडोजमध्ये ही निवड ‘ऑटोप्ले’ या सोयीकडे आहे. तेथील यादीत मात्र वाटेल ते नाव घालता येत नाही. स्थापनेच्या वेळी ज्या आज्ञावलींनी ‘अशी चित्रे हाताळण्यास आपण समर्थ आहोत’ अशी नोंद रजिस्ट्रीत केली असेल, त्याच तेथे दिसतात. इष्ट आज्ञावली न आढळल्यास ‘काहीही करू नये’ हा पर्याय स्वीकारून ती स्वहस्ते उघडणे श्रेयस्कर. ऑटोप्लेची गल्लत ऑटोरनशी करू नये. ऑटोरन ही साधनावरील आज्ञा न विचारता चालवणारी जुनी व्यवस्था होती. २००८ साली पसरलेल्या कॉन्फिकर कृमीने तिचा लाभ उठवला, आणि यूएसबी साधनांपुरती ती विंडोज ७ मध्ये (२००९) बंद झाली.

मॅक संगणकावर हेच काम ‘इमेज कॅप्चर’मध्ये होते. कॅमेरा जोडलेला असताना तेथील यादीतून त्या उपकरणापुरती आज्ञावली नेमता येते, यादीबाहेरचीही चालते. मात्र चित्रे उतरवल्यावर मूळ प्रती पुसण्याची खूणही त्याच खिडकीत असते. ती रिकामी आहे ना, हे पहिले चित्र उतरवण्यापूर्वी पाहावे.