गळू, गोळी आणि आपले हात



पाड्यावर कुणाच्या मांडीवर गळू आले की दुकानातून दोन दिवसांच्या कॅप्सूल आणायच्या आणि ठणका थांबला की उरलेल्या शेजारी द्यायच्या, ही रीत आपण पाहतो. शहरातही हेच चालते, तेव्हा एकट्या आदिवासी बांधवांना बोल लावू नये.

बहुतेक गळवांमागे स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू असतो. डॉक्टर त्याला ‘स्टॅफ’ म्हणतात. दर तीन निरोगी माणसांपैकी साधारण एकाच्या नाकात तो असतो आणि काही त्रास देत नाही. खरचटले, ऑपरेशनची जखम झाली किंवा सलाईनची सुई टोचली की त्याला आत वाट मिळते. रक्तात किंवा फुप्फुसात पोचला तर जिवावर बेतते. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आले, पण काही वर्षांतच ते पुष्कळ स्टॅफवर चालेनासे झाले. मग १९५९ साली मेथिसिलिन आले. १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारा स्टॅफ सापडला. तोच एमआरएसए. आज भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत तपासलेल्या स्टॅफच्या दर दहा नमुन्यांपैकी चारांच्या आसपास हाच निघतो.

“माझ्या अंगाला औषधाची सवय झाली,” असे पुष्कळ जण म्हणतात. सवय अंगाला होत नाही, जिवाणूला होते, आणि जिवाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून ज्या बाळाने अजून एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही असा स्टॅफ लागू शकतो.

तो जातो मुख्यतः हातांवरून. आपण मंडळीतर्फे आजाऱ्यांना भेटतो, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. वॉर्डात शिरताना आणि निघताना, दोन्ही वेळा हात साबणाने वीस सेकंद धुवावेत किंवा सॅनिटायझर चोळावे. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातानाही. रुग्णाच्या पलंगावर बसू नये, पट्टीला व नळीला हात लावू नये. नर्सताईंनी हात धुतले का, हे नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही.

आता उपचार. साध्या गळवाला पुष्कळदा गोळी लागतच नाही; दवाखान्यात चिरा देऊन पू काढला, पट्टी बांधली की ते बरे होते. घरी पिळू नये. ताप आला, लाली पसरू लागली, गळू चेहऱ्यावर असले, किंवा रुग्ण तान्हा अथवा मधुमेही असला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जखम चिघळत असेल तर पुवाची कल्चर तपासणी करायला सांगावे. दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध लागू पडेल ते कळते. एमआरएसएवर नेहमीची अमॉक्सिसिलिन वाया जाते. मात्र त्यावर औषधे आहेत. गंभीर रुग्णाला व्हॅन्कोमायसिन शिरेतून देतात. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. ज्या पाकिटावर उभी लाल रेषा असते, ते चिठ्ठीशिवाय घेऊच नये.

वसतिगृहांत गोष्ट निराळी. तिथे आधी खरूज येते, मुले खाजवतात, आणि त्या ओरखड्यांतून स्टॅफ शिरतो. चार मुलांत एक टॉवेल असला की गळवे खोलीभर फिरतात. म्हणून काय पाठवू, असे देणगीदार विचारतात तेव्हा मी मिठाईआधी साबण, नेलकटर आणि प्रत्येक मुलाचे नाव शिवता येईल असा टॉवेल सांगतो.