१९१७चा वैमानिक, १९५९ची धावपट्टी

'द ट्वायलाइट झोन'मधला 'द लास्ट फ्लाइट' हा भाग पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे कथा फोडतोय. ५ फेब्रुवारी १९६०ला आलेला, जेमतेम पंचवीस मिनिटांचा भाग. लेखक रिचर्ड मॅथेसन. या मालिकेसाठी त्याने स्वतः लिहिलेली ही पहिलीच पटकथा.

मार्च १९१७. ब्रिटिश वैमानिक डेकर एका पांढऱ्या ढगात शिरतो आणि उतरतो थेट १९५९मध्ये, फ्रान्समधल्या अमेरिकन हवाई तळावर. त्याचं इवलंसं दुपंखी विमान अजस्र जेट विमानांशेजारी उभं राहतं, ते दृश्य बघाच. ते विमान खरं होतं, आणि फ्रँक टॉलमन या नामांकित वैमानिकाने ते उडवलं होतं.

मला मात्र भावतो तो डेकरचा भित्रेपणा. शत्रूच्या विमानांनी घेरलेल्या मित्राला, मॅकेला, एकटं सोडून तो पळालेला असतो. इथे कळतं की मॅके जगला, मोठा अधिकारी झाला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने शेकडो जीव वाचवले. मग त्याला वाचवलं कोणी? आसपास डेकरशिवाय कोणीच नव्हतं! हे ध्यानात आल्यावर डेकर साकारणाऱ्या केनेथ हेगचा चेहरा कसा पालटतो ते पाहा.

विमानवेड्यांसाठी एक खोडी: पडद्यावरचं न्यूपोर्ट २८ प्रत्यक्ष युद्धात उतरलं १९१८मध्ये. म्हणजे विमानही चुकीच्याच काळात आलंय!