हरभऱ्यातले दोन ‘र’

परभणीच्या लेकराला ‘र’ म्हणता येत नसेल तर त्याची सुटका नाही. जिल्ह्याच्या नावात ‘र’ आहे, तुरीत आहे, ज्वारीत आहे, सरकीत आहे आणि हरभऱ्यात तर दोनदा आहे. पाचव्या वर्षी ‘हलभला’ म्हटलं की आजी पापा घेते. बाराव्या वर्षी त्याच उच्चारावर वर्ग हसतो. मग लेकरू गप्प राहायला शिकतं आणि गुरुजी त्याला ‘शांत स्वभावाचा’ म्हणू लागतात.

स्पीच थेरपी म्हटलं की आपल्याला तीन-चार वर्षांचं मूल आणि चित्रांची कार्डं आठवतात. मिसरूड फुटू लागलेल्या मुलापुढे बदकाचं चित्र धरून ‘हे काय?’ विचारणं हा त्याचा अपमान आहे. सहावी ते आठवीच्या वयात ज्या बोलण्याला काही कारण आहे, तेवढ्याच बोलण्यात मूल रमतं.

वाचेचा दोष हे वेगळं दिव्यांगत्व आहे, हे कायद्यालाही उशिराच उमगलं. 1995च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यात श्रवणदोष होता, पण वाचेचा आणि भाषेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. 2016च्या कायद्याने 21 प्रकार मानले, तेव्हा वाचा-भाषा दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आल्या. या विषयातली राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला 1983 पासून आहे. तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. ते हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे हे नाव इथल्या जुन्या माणसांना परकं वाटू नये. संस्था मात्र लांबच आहे, आणि शिकून बाहेर पडणारे थेरपिस्टही बहुतेक मोठ्या शहरांतच थांबतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. टाळू, कान, डोळे तपासता येतात. पण सातवीच्या मुलीला घडलेली गोष्ट सलग सांगता येते का, हे घाईच्या तपासणीत कसं कळणार? अशा मुलांचे कान ठीक असतात, समज ठीक असते, भाषा तेवढी तोकडी पडते. परदेशातल्या पाहण्यांत त्यांचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. आपल्याकडे ती ‘अभ्यासात कच्ची’ या सदरात जमा होतात.

यांच्यासाठी मला सर्वांत आवडणारा खेळ म्हणजे पडद्याआडचा नकाशा. दोघांच्या मध्ये पाठ्यपुस्तक उभं करायचं. एकाकडे गावाचा नकाशा, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्याने फक्त बोलून सांगायचं: मारुतीच्या पारापासून उजवीकडे, हातपंप ओलांडला की शाळा. ‘ते तिथं, मग ते’ असं म्हटलं की शाळा ओढ्यात जाऊन पडते आणि दोघंही हसतात. चूक कोणी दाखवावी लागत नाही, कागदच दाखवतो. आवाज बंद करून मोबाइलवर कबड्डीचा सामना लावायचा आणि धावतं समालोचन करायला सांगायचं, हाही तसाच प्रकार. क्रियापदं, काळ, क्रम सगळं एका चढाईत पणाला लागतं.

शब्दसाठा वाढवायला उखाणे आहेतच. म्हणजे नाव घ्यायचे नव्हेत, कोड्याचे. वस्तू कोणत्या जातीची, कशी दिसते, कशाला लागते, कुठे सापडते, एवढं मुलांनी स्वतः ठरवायचं आणि त्यातून कोडं रचायचं. थेरपिस्ट वस्तूचे गुण सांगण्याचा जो सराव घेतात, तो हाच. मानवतच्या मुलाला कापसाची वेचणी, सरकी, जिनिंग, गाठी हे शब्द घरातच मिळतात. तिथून सुरुवात करून ‘बाष्पीभवन’पर्यंत जाणं सोपं, उलट दिशेने अवघड. म्हणींचं वेगळंच. ज्यांना शब्दशः अर्थच कळतो, त्यांच्याकडून एका म्हणीची दोन चित्रं काढून घ्यावीत: एक शब्दांचं, एक म्हणायचं काय आहे त्याचं. ‘नाचता येईना अंगण वाकडं’चं पहिलं चित्र काढताना जी मजा येते, तिच्यामुळेच दुसरं लक्षात राहतं.

तोतरेपणाला मात्र खेळ पुरत नाहीत. बालपणी साधारण पाच टक्के मुलं अडखळतात, मोठेपणी एक टक्का उरतात. नववीच्या उंबरठ्यावर जो अडखळतो, त्याला ‘सावकाश बोल’ सांगून काही होत नाही. त्याला सर्वांत जड जातं स्वतःचं नाव, कारण अडला तर दुसरा शब्द घेता येत नाही, आणि हजेरी रोज होते. गाताना किंवा सगळ्यांबरोबर म्हणताना हीच मुलं बहुधा अडत नाहीत. म्हणूनच परिपाठातली प्रतिज्ञा त्याला जमते आणि पाठोपाठचा सुविचार एकट्याने जमत नाही. मग सुविचार आधी दोघांनी मिळून म्हणायचा, पुढे त्याने सुरू करायचा आणि दुसऱ्याने मागून यायचं. लय तर इथे घरचीच आहे. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रकल्पाने ध्वनिमुद्रित केल्या. त्या लयीत उतारा वाचायला लावला तर जीभ सैल होते. तरी हा उपाय पुरता नव्हे. लय सुटली की अडखळणं परत येऊ शकतं, म्हणून एसटीच्या चौकशी खिडकीवर जाऊन गाडी विचारणं, अडखळत का होईना, हाही सराव लागतो.

काही ठिकाणी खेळ बाजूला ठेवून जाणकाराकडेच जावं. फाटलेल्या टाळूची शस्त्रक्रिया लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांच्याकडे ‘स्माईल ट्रेन’ संस्थेच्या मदतीने मोफत होते. पण टाळू शिवली म्हणजे नाकातलं बोलणं आपोआप गेलं असं नाही. आवाज फुटायचं वय उलटूनही मुलाचा आवाज बारीकच राहिला तर मित्र छळतात. तो दोष योग्य उपचाराने अनेकदा थोड्या बैठकांत सुटतो, हे पालकांना माहीतच नसतं.

आणि जे दोष नाहीत त्यांच्या मागे लागू नये. ‘पानी’ म्हणणारं लेकरू आपल्या घरची बोली बोलतं. जिंतूरच्या तांड्यावर गोरमाटी किंवा पाथरीत दखनी बोलणाऱ्याला मराठी शिकवावी, थेरपी देऊ नये. दोन्ही भाषांत अडत असेल तरच शंका घ्यावी.

दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला फडावर निघतात आणि सराव तुटतो. सोबत जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं. त्यावर इयत्ता आणि प्रगती असते. त्याखाली गुरुजींनी दोन ओळी हाताने लिहाव्यात: कोणता उच्चार चालू आहे, आणि हजेरीला या मुलाने नुसता हात वर केला तरी चालेल.