कार्डांची किर्द-खतावणी

बर्लिनमध्ये जन्मलेलं ‘वंडरलिस्ट’ हे कामांच्या याद्यांचं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. कंपनीने आधी कळवलं होतं, याद्या आपल्या ‘टू डू’मध्ये आणायची सोयही दिली होती, त्यामुळे वागणुकीला नाव ठेवायला जागा नव्हती. पण कामं आपली आणि त्यांची नोंद दुसऱ्याच्या घरात, हे त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा जाणवलं.

नोंद आपल्याकडेही असावी असं वाटत असेल, तर एक छोटी स्क्रिप्ट आणि एक डेटाबेस पुरतो. उदाहरणाला ‘ट्रेलो’ घेऊ. २०११ मध्ये आलेलं हे ॲप २०१७ पासून ॲटलासियन कंपनीकडे आहे. त्यात एक बोर्ड, बोर्डवर याद्या, यादीत कार्डं. बोर्डच्या मेनूतून सगळा मजकूर जेसॉन फाइलमध्ये काढता येतो, पण घडामोडींपैकी शेवटच्या १००० च त्यात येतात. दोन-तीन वर्षं चाललेल्या बोर्डचा जुना इतिहास त्या फाइलमध्ये सापडणार नाही. तो हवा तर स्क्रिप्टने ट्रेलोच्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामना माहिती देणाऱ्या दाराशी, मागावा लागतो, तोही हजाराहजारांच्या हप्त्यांत. एका टोकनला, म्हणजे स्क्रिप्टला मिळालेल्या प्रवेश-चावीला, दर १० सेकंदांत १०० विनंत्यांची मुभा आहे. ती ओलांडली की ४२९ क्रमांकाची चूक हातात पडते. म्हणून स्क्रिप्टला मधूनमधून थांबायला शिकवायचं.

जेसॉन हे एकात एक गुंतलेलं प्रकरण. रिलेशनल डेटाबेसला सरळ टेबलं लागतात. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० च्या शोधनिबंधात ही पद्धत मांडली, आणि ती अजून टिकून आहे. बोर्ड, याद्या, कार्डं यांची एकेक टेबल होते. कार्डाच्या ओळीत यादीचा आयडी फॉरेन की म्हणून बसतो. लेबलं आणि माणसं मात्र अशी बसत नाहीत. एका कार्डावर चार जण असतात आणि एक जण चाळीस कार्डांवर. नवखा माणूस चौघांची नावं स्वल्पविराम देऊन एकाच रकान्यात कोंबतो आणि पुढे ‘अमक्याकडे किती कामं?’ विचारताना डोकं धरून बसतो. इथे फक्त कार्डाचा आणि माणसाचा आयडी ठेवणारी तिसरी टेबल हवी.

एकट्याच्या किंवा लहान गटाच्या कामाला एसक्यूलाइट भरपूर झालं. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला हा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, सर्व्हर लागत नाही आणि त्याच्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. एक खोड लक्षात ठेवायची: त्यात फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, ती दर जोडणीला चालू करावी लागते.

स्क्रिप्ट रोज चालणार, म्हणजे कालचंच कार्ड आज पुन्हा येणार. त्यासाठी ‘अपसर्ट’: आयडी नवा असेल तर ओळ घाला, जुना असेल तर बदला. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही सोय ९.५ आवृत्तीपासून आहे, एसक्यूलाइटमध्ये २०१८ पासून. ट्रेलोचा आयडी २४ अक्षरांचा, त्यातली पहिली आठ सोळाच्या पायावरची संख्या मानून वाचली की कार्ड कोणत्या सेकंदाला तयार झालं ते निघतं. निर्मितीची तारीख वेगळी शोधायला नको.

गोत्यात आणणारे दोन मुद्दे. अर्काइव्ह केलेलं कार्ड ‘क्लोज्ड’ अशी खूण घेऊन येतं, पण पुसून टाकलेलं कार्ड येतच नाही आणि अपसर्टला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत ‘शेवटचं कधी दिसलं’ हा रकाना ठेवायचा. दुसरा मुद्दा वेळेचा. ट्रेलो वेळ यूटीसीत देतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पुण्यात बुधवारी पहाटे दोनला संपवलेलं काम तिथे मंगळवारचं असतं. साठवताना यूटीसीच ठेवावं, अहवाल काढताना बदलावं.

एवढा खटाटोप कशाला, तर घडामोडींच्या टेबलसाठी. जुन्या हिशेबाच्या भाषेत कार्डांची टेबल ही खतावणी, आजची बाकी सांगणारी. घडामोडींची टेबल ही किर्द. कार्ड हललं की आधीची यादी, नंतरची यादी आणि वेळ यांची नोंद तिथे पडते. लागोपाठच्या दोन नोंदींमधलं अंतर काढलं की कार्ड ‘तपासणी’च्या यादीत किती दिवस अडकलं ते कळतं. उशीर काम करणाऱ्यामुळे झाला की तपासणाऱ्यामुळे, हा बैठकीतला जुना वाद पाच ओळींच्या क्वेरीने मिटतो. मला विचाराल तर नुसत्या बॅकअपसाठी जेसॉन फाइल पुरे; डेटाबेसची मेहनत असे प्रश्न विचारायचे असतील तरच करावी.

करणार असाल, तर टोकन फक्त वाचण्याच्या परवानगीचं घ्या आणि ते स्क्रिप्टच्या मजकुरात लिहू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. चुकून कुठे उघडं पडलंच, तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते लगेच रद्द करा.