एकाच पदकाचीं दोन मोलें

२०१८ सालीं दक्षिण कोरियांतील प्यॉंगचांग येथें हिवाळी ऑलिंपिक सामने झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ तेथेंच अपंगांचे पॅरालिंपिक सामने भरले. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनें पहिल्या सामन्यांतील सुवर्णपदकास ३७,५०० डॉलर ठेविले होते. दुसऱ्यांतील सुवर्णपदकास ७,५००. देश एक, समिति एक, बर्फहि तेंच; मोल मात्र पांचव्या हिश्श्याचें!

पदकाची बक्षिसी डोळ्यांत भरते खरी. पण तिच्याहून जाचक भेद तिच्या आधीं वर्षानुवर्षें चाललेला असतो. पदक एका दिवशीं मिळतें. घरभाडें आणि औषधपाणी यांचा खर्च दर महिन्यास येतो. सरावाच्या काळांतील निर्वाहवेतन, शिक्षणास साहाय्य, आरोग्याचा विमा, अशा ज्या सवलती ऑलिंपिकच्या खेळाडूंना मिळत, त्यांपैकीं कित्येक अपंग खेळाडूंच्या वाट्यास येतच नसत.

वास्तविक १९९८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें पॅरालिंपिकचा कारभारहि कायद्यानें याच समितीकडे सोंपविला होता. तेव्हां चाकांच्या खुर्चींतून शर्यती धांवणारा स्कॉट हॉलनबेक आणि त्याचे दोन सहकारी न्यायालयांत गेले. अपंगत्वामुळें कोणास वगळूं नये, असा कायदा होताच. त्यावर समितीचें म्हणणें असें, कीं सवलती ऑलिंपिक संघासाठीं आहेत; जो त्या संघांत नाहीं, तो धडधाकट असो वा पंगु, त्याला त्या नाहींत. २००६ सालीं कोलोराडोच्या न्यायाधीशानें या दुजाभावाविषयीं उघड नापसंती दर्शविली. परंतु तो दूर करण्याचा अधिकार कायद्यानें आपणांस दिलेला नाहीं, असें सांगून दावा फेटाळला. २००८ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंहि तोच निर्णय कायम केला. शब्दांच्या कसोटीस हें उत्तर उतरेलहि. पण दोन संघ वेगळे पडले ते मुळीं शरीराच्या व्यंगावरूनच ना? आधीं भेद करावा आणि मग नियम सर्वांस सारखाच आहे म्हणावें, ही युक्ति कांहीं नवी नव्हे.

न्यायालयांत जें साधलें नाहीं, तें समितीनें सप्टेंबर २०१८ मध्यें आपण होऊन केलें. सुवर्णास ३७,५००, रौप्यास २२,५०० आणि कांस्यास १५,००० डॉलर, हे दर दोन्ही सामन्यांस सारखे झाले. प्यॉंगचांगच्या अपंग विजेत्यांना राहिलेला फरकहि देण्याचें ठरलें. पुढच्याच वर्षीं समितीनें आपल्या नांवांत ‘पॅरालिंपिक’ हा शब्द घातला. ही समता अर्थात् पदक मिळविणारांपुरती आहे. चौथा किंवा पांचवा येणाऱ्याच्या घरभाड्याचा प्रश्न तिनें सुटत नाहीं.